अनुदान किती आणि कर्ज किती: ठाणे-नवी मुंबईत नवा धंदा मांडणाऱ्यांसाठी

गावाकडून इकडे येऊन वर्ष-दोन वर्षं नोकरी झाली की बहुतेकांच्या डोक्यात स्वतःच्या धंद्याचा विचार घोळायला लागतो. मसाला कांडप, पोळीभाजी केंद्र, झेरॉक्स, छोटा टेम्पो. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी सांगतं, "अगं, सरकार ३५ टक्के देतंय, फुकट!"

मी जावळीहून लग्न करून कोपरखैरण्यात आले, इथेच कांडप मशीन टाकलं. आता आमच्या भागात नवीन आलेली मुलंमुली फाईल घेऊन घरी येतात, चहा होतो आणि कागद बघून होतात. त्यांना पहिल्यांदा सांगते तेच तुम्हालाही सांगते: धंद्याच्या बहुतेक सरकारी योजनांत अनुदान सुटं मिळत नाही, ते कर्जाच्या पोटातून येतं. आधी बँकेने कर्ज मंजूर करायचं, मग अनुदान. बँक नाही म्हणाली की अनुदानही नाही. कर्ज व्याजासकट फेडायचंच असतं. अनुदान फेडायचं नसतं, पण त्याला अटी असतात आणि अट मोडली की तेही परत द्यावं लागतं.

सगळ्यात जास्त फायली पीएमईजीपीच्या, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या येतात. तो ३५ टक्क्यांचा आकडा तिथलाच आहे, पण तो ग्रामीण भागातल्या विशेष प्रवर्गासाठी. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्र, त्यामुळे इथे शहरी दर: खुल्या प्रवर्गाला १५ टक्के, विशेष प्रवर्गाला २५. विशेष प्रवर्गात महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांग येतात.

परवा घणसोलीचा एक मुलगा ४ लाखांचा प्रस्ताव घेऊन आला होता. "काकी, ६० हजार हातात आले की त्यातून गाळ्याचं डिपॉझिट भरतो," म्हणाला. मी कागदाच्या मागच्या बाजूला त्याला हिशेब मांडून दिला. खुला प्रवर्ग, म्हणून स्वतःचे १० टक्के: ४०,०००. बँक देणार ३,६०,०००. अनुदान १५ टक्के: ६०,०००. पण हे ६०,००० त्याच्या खात्यात येऊन खर्चायला मिळत नाहीत. ते त्याच बँकेत मुदत ठेवीसारखे ३ वर्षं पडून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जातल्या तेवढ्या रकमेवर बँक व्याजही लावत नाही. ३ वर्षांनी धंदा चालू आहे का याची जागेवर येऊन तपासणी होते, मग ती रक्कम कर्जात वळती होते. मधेच शटर खाली गेलं तर अनुदान परत जातं आणि कर्ज मात्र डोक्यावर राहतं.

म्हणजे गाळ्याचं डिपॉझिट त्याला आधीच स्वतःकडून उभं करायला हवं होतं. हाच अर्ज त्याच्या बायकोच्या नावावर, तिनेच चालवायच्या धंद्यासाठी असता तर स्वतःचे ५ टक्के म्हणजे २०,००० आणि अनुदान १ लाख. घरातली बाई खरोखर धंदा बघणार असेल तर अर्ज तिच्याच नावाने करा, असं मी आवर्जून सांगते. नुसतं नावापुरतं मात्र नको. सह्या तिच्या आहेत आणि बँक वसुलीला तिच्याकडेच येणार आहे.

या योजनेचं पहिलं कर्ज नव्या धंद्यासाठीच आहे. चालू दुकानाला नवं नाव देऊन अर्ज करू नका.

आता जिल्ह्याचं बघा, कारण यात नवीन माणसाची हमखास पायपीट होते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात. बोलताना आपण सगळ्याला नवी मुंबईच म्हणतो, पण खारघरच्या धंद्याची फाईल अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्राकडे जाते, ठाण्याच्या नाही. गाळा कुठे घेताय ते आधी ठरवा, मग अर्ज भरा.

मुद्रा योजनेत अनुदान नाही. ते पूर्ण कर्ज आहे, तारण नसलेलं. शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. "मुद्राचे पैसे माफ होतात" असं स्टेशनबाहेर कोणी सांगितलं तर तिथून सरळ निघा. हातगाडीवाल्यांसाठीची स्वनिधीसुद्धा कर्जच आहे. वेळेवर हप्ते भरले तर ७ टक्के व्याजाची रक्कम खात्यात परत येते.

आमच्या भागात माथाडींची घरं खूप, म्हणून अण्णासाहेब पाटील महामंडळाची चौकशी सारखी होते. मराठा समाजातल्या तरुणांसाठीची ही योजना व्याज परताव्याची आहे. मुद्दल तुम्हीच फेडायचं. हप्ता आधी व्याजासकट आपल्या खिशातून भरायचा, मग व्याजाचा भाग महामंडळ परत करतं. हप्ता थकला की परतावाही अडतो. म्हणून परताव्याच्या भरवशावर पुढचा हप्ता ठरवू नका, आणि महामंडळाचं एलओआय, म्हणजे पात्रतेचं पत्र, हातात आल्यावरच बँकेत जा. अनुसूचित जातींसाठीच्या महात्मा फुले महामंडळाचं बीजभांडवलही ४ टक्के व्याजाने परत करायचं असतं.

कोणत्याही बँकेत सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरण मागा, म्हणजे केएफएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने ते बंधनकारक केलंय आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं, तेव्हा मराठीत मागायला लाजू नका. प्रोसेसिंग फी, विमा आणि बाकीचे आकार धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात ते त्यात एका जागी दिसतं. मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपने फोनमधले नंबर बघायची परवानगी मागितली तर ते ॲप काढून टाका. तशी परवानगी घ्यायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे.

"अनुदान काढून देतो, फाईलचे १० हजार आधी द्या" म्हणणारे इथे पावलोपावली भेटतात. आमच्या एका शेजारणीचे पैसे असेच गेले, अर्ज तर भरलाच नव्हता. पीएमईजीपीचा अर्ज ऑनलाईन असतो, त्याला फी नाही आणि सरकारने त्यासाठी एजंट नेमलेले नाहीत. अडलं तर उद्योग केंद्रात जाऊन विचारा, चालू वर्षाचे नियमही तिथेच पक्के करून घ्या.

आणि गाळा भाड्याचा असेल तर ११ महिन्यांच्या करारावर राहू नका. तपासणी ३ वर्षांनी, त्याच पत्त्यावर होणार आहे. मालकाशी बोलून ३ वर्षांचा नोंदणीकृत करार करा, योजनेच्या नावाची पाटी गाळ्यावर लावा, यंत्राची बिलं एका फाईलीत ठेवा. जागा बदलायचीच वेळ आली तर सामान हलवण्याआधी बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या.