लॅब ऑटोमेशनमध्ये येताय? आधी बॅलन्सशी बोला

लॅब ऑटोमेशनच्या, म्हणजे प्रयोगशाळेतली उपकरणं सॉफ्टवेअरने चालवण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधलं इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम सगळं येत असतं. तरी मी त्यांना आधी सीरियल टर्मिनल (उपकरणाला थेट आदेश टाइप करून पाठवायची खिडकी) उघडून बॅलन्सशी, म्हणजे लॅबमधल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याशी, हातानेच बोलायला लावतो. मेटलर टोलेडो कंपनीच्या बॅलन्सला ‘एसआय’ हा आदेश पाठवला की तो थांबत नाही, हातात असेल तो आकडा देतो. उत्तराच्या सुरुवातीला ‘एस एस’ असेल तर वजन स्थिर, ‘एस डी’ असेल तर अजून हलतंय. काचेचं दार उघडं ठेवून बघा, ‘एस डी’च येत राहतं. हे एकदा पाहिलं की वजन म्हणजे नुसता फ्लोट (दशांश आकडा) नव्हे, हे सांगावं लागत नाही. आकडा, एकक, स्थिरता आणि वेळ हे सगळं प्रोग्रॅममधल्या एकाच ऑब्जेक्टमध्ये एकत्र हवं.

मग क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा. ‘सीरियल उपकरण’ हा पूर्वज आणि त्याखाली ‘बॅलन्स’ अशी उतरंड सगळेच आधी काढतात. उद्या तोच बॅलन्स इथरनेटवर आला की ती कोसळते. त्यापेक्षा कनेक्शनचं ऑब्जेक्ट बॅलन्सला बाहेरून द्या. पायथॉनमधल्या पायलॅबरोबॉट या लॅब-रोबॉट चालवणाऱ्या लायब्ररीचा कोड यासाठी जरूर वाचा: द्रव उचलण्या-सोडण्याचा क्लास एकच, आणि हॅमिल्टन, टेकॅन किंवा ओपनट्रॉन्स यांपैकी ज्या कंपनीचा रोबॉट असेल त्याच्याशी बोलणारा भाग (बॅकएंड) त्याला जोडायचा.

याच रचनेमुळे खोटं उपकरणही, म्हणजे खऱ्याची नक्कल करणारा कोड, चाचणीसाठी जोडता येतं, आणि माझ्या मते ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीचा खरा फायदा इथेच आहे. खरं मशीन दिवसभर केमिस्टच्या ताब्यात असतं, आपल्याला मिळतं ते संध्याकाळी. पण तुमचा खोटा बॅलन्स नेहमी शहाण्यासारखं उत्तर देत असेल तर तो कुचकामी. त्याने उशीर करावा, अर्धीच ओळ पाठवावी, मध्येच गप्प बसावं.

भाषेवरून फार डोकं शिणवू नका. पायथॉन किंवा सी शार्प, एक नीट शिका. लॅबव्ह्यू या चित्रांनी प्रोग्रॅम करायच्या भाषेतसुद्धा २००६ पासून क्लास आहेत.

फार्मात जाणार असाल तर अमेरिकी औषध नियामक एफडीएचा इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दलचा १९९७चा ‘पार्ट ११’ नियम सुरुवातीलाच वाचा. नोंद कोणी, कधी बदलली आणि आधीचं मूल्य काय होतं, हे त्यात मागितलेलं आहे. म्हणून मोजमापाचं ऑब्जेक्ट एकदा तयार झालं की बदलता येऊ नये. दुरुस्ती म्हणजे नवं ऑब्जेक्ट, जुन्याच्या शेजारी ठेवलेलं.