एक्स्प्लोड लक्षात ठेवायची सोपी युक्ती
नाशकात स्पर्धा परीक्षेसाठी इंग्लिश व्होकॅब करताय ना, मग एक्स्प्लोड नुसता 'स्फोट होणे' म्हणून पाठ करू नका. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टाळ्या पिटून, हुर्यो करून नटाला स्टेजवरून हाकलणं, म्हणजे समजा कालिदास कलामंदिरात नाटक पडलं आणि पब्लिकने नटाला विंगेत पिटाळलं तर जुन्या अर्थाने ते एक्स्प्लोडच, किती भारी आहे हे! म्हणूनच 'एक्स्प्लोड अ मिथ' म्हणजे गैरसमज खोडून काढणं, तिथे स्फोटबिफोट काही नाही आणि पेपरात मुलं इथेच फसतात. स्फोटाचा अर्थ १८व्या शतकाच्या शेवटाकडे रुळला. अप्लॉड, म्हणजे टाळ्या वाजवणं, पण त्याच मुळातला, दोन्ही जोडीनेच करा.