शेजारच्या काकूंची गोळी तुम्हाला चालेलच असं नाही: पेनकिलर घेताना या चुका टाळा

२०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाची साथ आली. ताप उतरला, पण गुडघे आणि मनगटं पुढे कित्येक महिने ठणकत राहिली. बऱ्याच घरांत पेनकिलरची पट्टी फ्रिजवर कायमची बसली ती तेव्हापासून. या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे लोक ऐकून असतात. पण तो कुणाला लवकर होतो, यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, याचा विचार सहसा होत नाही.

एकाची गोळी दुसऱ्याला

सगळ्यात मोठी चूक हीच. आयबुप्रोफेन, मेलोक्सिकॅम, पायरॉक्सिकॅम, सेलेकॉक्सिब या औषधांचा निचरा मुख्यतः यकृतातलं सीवायपी२सी९ हे एन्झाइम करतं. काहींना आई-वडिलांकडून त्याचा मंद प्रकार मिळालेला असतो. तीच गोळी, तोच डोस, पण त्यांच्या रक्तात औषध जास्त आणि जास्त वेळ राहतं. पायरॉक्सिकॅम एरवीही रक्तात निम्मं व्हायला साधारण ५० तास घेतं. आयबुप्रोफेनला दोनेक तास पुरतात. आता मंद एन्झाइमच्या माणसाने पायरॉक्सिकॅम रोज घेतली, तर कालची संपायच्या आत आजची वर चढते. म्हणूनच सीपीआयसी या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०२० च्या शिफारशींत, दोन्हीकडून मंद प्रकार आलेल्यांना पायरॉक्सिकॅम देऊ नये आणि आयबुप्रोफेन अगदी कमी डोसने सुरू करावी, असं सांगितलं आहे.

काकूंना वर्षभर काही झालं नाही, हे काकूंच्या शरीराबद्दल झालं. तुमच्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

यातच आणखी एक भर. मेडिकल स्टोअरमधून ‘चार गोळ्या कापून द्या’ म्हणून आणलेल्या तुकड्यावर बहुतेक वेळा औषधाचं नावच उरत नाही. मग डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘ती पांढरी, लांबट.’ अशा कितीतरी गोळ्या पांढऱ्या, लांबट असतात! सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांचं तर विचारूच नका. काहींत पेनकिलर किंवा स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

घरचा इतिहास अर्धाच सांगणं

शुगर, बीपी सगळे सांगतात. ‘बाबांना रक्त पातळ करायच्या गोळीवर रक्तस्राव झाला होता’ हे मात्र राहून जातं. वॉरफरिन आणि ॲसिनोकुमेरॉल या रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा निचराही याच सीवायपी२सी९ एन्झाइमवर बराच अवलंबून असतो. घरात कुणाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा) अगदी कमी डोसवरही वर जात असेल, तर ते आवर्जून सांगा. मात्र आजोबा आणि वडील दोघांनाही अल्सर होता म्हणजे दोष जनुकाचाच, असं समजू नका. एच. पायलोरी हा जंतू एकाच घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याची तपासणी आणि उपचार दोन्ही आहेत.

‘जेवून घेतली’, ‘इंजेक्शनच घेतलं’

पोटाच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं शरीरातच बनतात; पेनकिलर रक्तातून पोहोचून ती कमी करतात. त्यामुळे इंजेक्शनने धोका टळत नाही, पोटभर जेवूनही नाही. हृदयासाठीची ॲस्पिरिन चालू असताना वर पेनकिलर घेतली, की धोका आणखी वाढतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही तो वाढतो.

सावजीवर खापर फोडणं

काल सावजी हाणलं म्हणून आज काळी शौच? तर्रीचा यात काही दोष नाही. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची काळी शौच म्हणजे वरच्या आतड्यातलं किंवा जठरातलं रक्त असू शकतं. पोट दुखेलच असंही नाही, कारण पेनकिलर ते दुखणंही दाबते. सोबत चक्कर, घाम किंवा रक्ताची उलटी असेल तर सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहू नका. नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचं कुठलंही रुग्णालय असो, थेट इमर्जन्सीत जा.

रिपोर्टवर विसंबणं

सीवायपी२सी९ ची जनुक तपासणी नॉर्मल आली म्हणजे वाट्टेल तशा गोळ्या घ्यायची मोकळीक मिळाली, असं नाही. वय ६५ च्या पुढे, आधीचा अल्सर, सोबतची औषधं यांचं वजन माझ्या मते रिपोर्टपेक्षा जास्त आहे, आणि ते जाणून घ्यायला पैसेही लागत नाहीत. शिवाय ॲस्पिरिनचा धोका या एन्झाइमवरून ठरत नाही.

हे वाचून उद्यापासून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) परस्पर बंद करू नका. स्टेंट टाकलेल्या माणसाने असं केलं, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. आधी डॉक्टरांना फोन करा.