बाटलीला मोजा घाला

माझ्या बॅगेत आजवर बीअरची एकच बाटली फुटली, आणि चूक सगळी माझीच होती. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी घट्ट बांधली आणि शेजारी लॅपटॉपचा चार्जर कोंबला. चार्जरचा तो ठोकळा बाटलीच्या मानेवर आपटला असणार. काच फुटली, काचेने पिशवी चिरली, आणि पट्ट्यावरून बॅग उचलली तेव्हाच हाताला चिकट लागलं.

तेव्हापासून क्रम उलटा केलाय. आधी मोजा, मग पिशवी. काचेवर थेट प्लास्टिक नको. जाड, लोकरी किंवा खेळायचा लांब मोजा घ्या, बाटली तळाकडून आत सरकवा आणि वर उरलेला भाग पिळून मानेभोवती गुंडाळा. मान हीच सगळ्यात नाजूक जागा. मग झिपवाली पिशवी, हवा दाबून काढलेली. वर दुसरी पिशवी असली तर उत्तम. मोज्याऐवजी तान्ह्या बाळाचं डायपर गुंडाळणारेही आहेत. हसू नका, धक्काही सोसतं आणि सांडलेलंही शोषतं.

नेहमीच्या पत्र्याच्या बुचाला काही करावं लागत नाही. तारेच्या कडीचं किंवा कॉर्कचं झाकण असेल तर त्यावरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या.

आता बॅग. तळाशी कपड्यांचा चार बोटं जाड थर. ट्रॉली बॅगेत हँडलच्या दांड्या पाठीच्या बाजूने आत उंचवट्यासारख्या येतात, बाटली त्यांच्यावर टेकता कामा नये. प्रत्येक बाटली जीन्सच्या किंवा टी-शर्टच्या वळकटीत, बॅगेच्या मधोमध, आणि दोन बाटल्यांच्या मध्ये कायम कापड. बूट, चार्जर, टॉयलेटचा डबा दुसऱ्या टोकाला. चेन लावली की बॅग उचलून जोरात हलवा. आतून ठक् आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा. मी हे रात्रीच करते, सकाळी टॅक्सी दारात असताना धीर राहत नाही.

विमानात दाब कमी होतो म्हणून बाटली फुटते, असं सांगणारा एक जण भेटतोच. सामानाच्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब ठेवलेला असतो, फार तर ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा कमी. बंद बाटलीत साध्या तापमानाला बाहेरच्या हवेच्या दुप्पट-तिप्पट दाब आधीच असतो, तो फरक तिला जाणवत नाही. भीती आपटण्याची, आणि उन्हाची. तापलेल्या गाडीच्या डिकीत बॅग तासन्‌तास ठेवू नका.

केबिन बॅगेत १०० मिलीलिटरची मर्यादा बहुतेक ठिकाणी आहे, म्हणून बीअर चेक-इनलाच. सुरक्षा तपासणीनंतर ड्युटी फ्रीमधून घेतली तर सीलबंद पिशवी फोडू नका. पुढे विमान बदलायचं असेल तर तिथे पुन्हा तपासणी होऊ शकते. २४ टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलवर विमानसुरक्षेच्या नियमांत लिटरची मर्यादा नाही. कस्टम्सची मात्र प्रत्येक देशात वेगळी असते, आणि कुवेतसारख्या देशात दारू नेण्यावरच बंदी आहे. ते आधी बघा.

वजनाचं गणित सोपं आहे. ३३० मिलीची काचेची भरलेली बाटली साधारण अर्धा किलो किंवा थोडी जास्त, तेवढ्याच बीअरचा कॅन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. कॅनमध्ये मिळत असेल तर मी बाटलीच्या वाटेला जात नाही. कॅनला पिशवी तरी हवीच, टोकदार वस्तूने पत्रा भोसकला जातो.

पोचल्यावर पिशव्या एकेक करून उजेडात धरा. तळाशी ओल दिसली तर मोजा काढायच्या फंदात पडू नका, पिशवीसकट कचऱ्यात. बाकीच्या उभ्या करून दिवसभर फ्रिजमध्ये ठेवा. यीस्टचा गाळ असलेली बीअर असेल तर दोन दिवस, म्हणजे ढवळलेलं सगळं खाली बसेल.