फोकस लाइट निवडताना आणि बसवताना होणाऱ्या या चुका टाळा

साताऱ्याहून मालवण गाठून समुद्राखाली छायाचित्रे काढायला पाण्यात उतरण्याची संधी आम्हा हौशी मंडळींना वर्षातून एकदोनदाच मिळते. त्यातली एखादी बुडी दिव्याशी झटापट करण्यात गेली, तर पुढचे कित्येक महिने ती रुखरुख पुरते. माझी पहिली बुडी अशीच गेली.

त्या वेळी मी दुकानात होता तो सर्वांत प्रखर, अडीच हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे प्रकाशाचे माप) दिवा घेतला होता. फोकस लाइट हा छायाचित्र उजळण्यासाठी नसून कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसला विषय नीट दिसावा यासाठी असतो, आणि उजळण्याचे काम स्ट्रोबचे, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशचे आहे, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. खडकाच्या कपारीतली कोळंबी त्या झोतासरशी आत सरकली, ती पुन्हा दिसली नाही. जवळच्या मॅक्रो, म्हणजे लहान जीव मोठे दाखवणाऱ्या, छायाचित्रणाला ५०० ते १००० लुमेन पुरतात, मात्र तीव्रता टप्प्याटप्प्याने कमी करता आली पाहिजे. लेन्सचे छिद्र लहान (एफ/१६), वेळ कमी (१/२०० सेकंद) आणि आयएसओ १०० अशा मांडणीत या दिव्याची छाप चित्रावर जवळजवळ पडत नाही; परंतु छिद्र मोठे (एफ/४) आणि वेळ जास्त (१/६० सेकंद) ठेवल्यावर मधोमध पांढरा डाग उमटतो. अशा वेळी दिवा मंद करावा, किंवा स्ट्रोब चमकताच क्षणभर आपोआप विझणारा दिवा घ्यावा.

खोक्यावरचा झोताचा कोन बहुधा हवेतला असतो. सपाट काचेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे ६० अंशांचा झोत पाण्यात सुमारे ४४ अंशांचाच उरतो. मुळातच अरुंद असलेली विजेरी म्हणूनच त्रास देते.

खरी गफलत मात्र दिवा बसवण्यात होते. शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सचा पोर्ट, म्हणजे लेन्सपुढचा काच असलेला जलरोधक भाग, लांबलचक असतो, आणि हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, माथ्यावरच्या शूवर (दिवा अडकवायच्या खाचेवर) दिवा थेट बसवला की खालचा अर्धा झोत पोर्टच अडवतो व त्याची सावली नेमकी विषयावर पडते. आखूड बॉल आर्म (गोल सांध्याचा, हवा तसा वळवता येणारा दांडा) लावून दिव्याचे तोंड पोर्टच्या कडेपर्यंत पुढे आणावे, थोडे वर उचलावे आणि जिथे फोकस करायचा त्या अंतरावर, म्हणजे पोर्टपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर, खाली रोखावे. दिवा लेन्सला अगदी खेटून ठेवला, तर गढूळ पाण्यातले कण उजळून लेन्सकडे परततात आणि ऑटोफोकस विषय सोडून त्यांच्यावरच अडकतो.

हे घरीही पाहता येते. पावसाळ्यात संगम माहुलीहून नदीचे कॅनभर गढूळ पाणी आणून मी ते माशांच्या रिकाम्या काचपेटीत ओतले, पुढच्या काचेजवळ बुडाशी एक चिंचोका ठेवला आणि खोलीतले दिवे घालवले. दिवा लेन्सशेजारी काचेला टेकवताच समोर पांढऱ्या ठिपक्यांची भिंत उभी राहिली आणि लेन्स पुढे-मागे घुरघुरत राहिली. तोच दिवा पेटीच्या वरून तिरका धरताच चिंचोक्याची चकचकीत तपकिरी कड दिसली आणि फोकस बसला.

लाल प्रकाशाविषयी थोडेसे. अनेक समुद्री जीवांना लाल रंग फारसा जाणवत नाही, म्हणून रात्रीच्या बुडीत तो उपयोगी पडतो. पण पाणी सर्वांत आधी लाल रंगच शोषून घेते, त्यामुळे त्याचा भरवसा हातभर अंतरापलीकडे धरू नये. काही कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस त्या प्रकाशात चाचपडतो, म्हणून तोही काचपेटीपाशी आधी तपासावा.

दिव्यासाठी १८६५० आकाराचा, पुन्हा चार्ज होणारा सेल घेताना वेष्टनावर ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले दिसले, तर तो तसाच परत ठेवावा, कारण या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० च्या आसपासच असते. पाण्याने थंड राहतील अशा बेताने बनवलेले दिवे टेबलावर पूर्ण तीव्रतेने फार वेळ चालू ठेवू नयेत. सेल बदलताना ओ-रिंगवर, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या रबरी कड्यावर, केस किंवा वाळूचा कण राहिला नाही ना, हे उजेडात बोट फिरवून पाहावे आणि निर्मात्याने सांगितलेले ग्रीस केवळ चकाकी येईल इतकेच लावावे. मालवणला निघण्याच्या आदल्या रात्री बंद दिवा, सेल काढून, बादलीत वजनाखाली बुडवून ठेवतो. सकाळी आत दवाचा थेंब दिसला, तर तो दिवा साताऱ्यातच राहतो.