सोलापुरात स्वतःची नर्सिंग-मिडवाइफरी प्रॅक्टिस कशी सुरू करायची

जीएनएम (नर्सिंग आणि मिडवाइफरीचा, म्हणजे बाळंतपणाच्या देखभालीचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालंय, वॉर्डात, लेबर रूममध्ये काही वर्षं ड्युटी झालीय, आणि आता वाटतंय आपल्या नावावर काम करावं, त्या सगळ्या सिस्टर आणि ब्रदरसाठी हे लिहितेय. आधीच सांगते, बाहेर पडलात की सगळ्यात जास्त मागणी इंजेक्शन आणि सलाईनची येणार. त्या मागणीवर प्रॅक्टिस उभी केली तर ती टिकत नाही, आणि कधीतरी अंगाशी येतेच. जे टिकतं ते आपलं खरं नर्सिंगचं काम, म्हणजे बाळंतीण आणि बाळ, अंथरुणाला खिळलेला माणूस, जखमा, शुगरवाले पेशंट. या कामाला सोलापुरात माणूस मिळत नाही, घरोघरी गरज आहे.

आता कागदपत्रं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू पाहिजे, हे दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असतानाही चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे क्रेडिट लागतात. हॉस्पिटलात असताना ट्रेनिंग आपोआप घडतात, बाहेर पडल्यावर आपलं आपल्याला शोधून जावं लागतं, म्हणून सर्टिफिकेटची फाईल पहिल्या दिवसापासून ठेवा. राज्याचा नर्सेस कायदा १९६६ चा, केंद्राचा १९४७ चा, आणि त्या १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवीन कायदा झालाय, त्यामुळं पुढं नियम बदलत राहणार, कौन्सिलची वेबसाइट अधूनमधून बघत जा. बाकी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते (एजंटला पैसे देऊ नका), प्रोफेशन टॅक्स आणि इन्कम टॅक्सचं एखाद्या सीएला एकदा बसून विचारून घ्या. आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी इन्शुरन्स (कामातल्या चुकीबद्दल कुणी दावा केला तर उपयोगी पडणारा विमा) काढाच, पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचवा.

बोर्डावर आणि व्हिजिटिंग कार्डावर "रजिस्टर्ड नर्स आणि मिडवाइफ", नाव, रजिस्ट्रेशन नंबर, बस. "क्लिनिक" लिहू नका, लाल क्रॉसचं चिन्ह लावू नका, कुणी "डॉक्टरबाई" म्हणालं तर तिथंच "सिस्टर म्हणा" असं सांगा. आपल्या राज्यात १९६१ च्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायद्याखाली बोगस डॉक्टरवर केसेस होतात आणि स्वतःच्या मनानं औषध लिहून देणारी नर्ससुद्धा त्यात अडकू शकते.

जागेचं पण नीट समजून घ्या. रजिस्टर, बॅग ठेवायला आणि सल्ला द्यायला घरातली एक खोली पुरते. पण तिथं दोन कॉट टाकून पेशंट झोपवायला, उपचार द्यायला लागलात की ते नर्सिंग होम झालं, मग १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी पाहिजे, शहरात असाल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं. सुरुवातीला यात पडूच नका, होम व्हिजिटवरच काम उभं करा.

डिलिव्हरीबद्दल मला सारखं विचारतात, "आपण मिडवाइफ आहोत ना, मग घरी डिलिव्हरी का नाही करायची?" मिडवाइफचं काम किती मोठं आहे हे सरकारनंसुद्धा मान्य केलंय, २०१८ मध्ये केंद्रानं मिडवाइफरी सेवेच्या गाइडलाइन काढल्या, त्यात नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीचं १८ महिन्यांचं ट्रेनिंग आहे आणि मिडवाइफनं चालवायचे लेबर रूमचे युनिट आहेत. पण ते युनिट हॉस्पिटलच्या आत आहेत, शेजारी ऑपरेशन थिएटर आणि रक्त आहे. डिलिव्हरीनंतर रक्तस्राव सुरू झाला तर हातात मिनिटं असतात, तास नाही, आणि शहराच्या पूर्वेकडच्या विडी घरकुल वसाहतीतून सिव्हिल हॉस्पिटलला पोचेपर्यंत काय होईल ते लेबर रूम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, डिलिव्हरी हॉस्पिटलमध्येच, आणि डिलिव्हरीच्या आधीचं आणि नंतरचं सगळं काम आपलं. कितीही ओळखीचं घर असलं, कितीही गळ घातली तरी. गर्भपाताच्या गोळ्यांना तर हातच लावू नका, १९७१ च्या एमटीपी कायद्यानं ते काम फक्त रजिस्टर्ड डॉक्टरचं आहे.

डिलिव्हरीनंतरच्या व्हिजिट हे आपल्या प्रॅक्टिसचं सगळ्यात मोठं काम, म्हणून यावर जास्त लिहिते. आजकाल नॉर्मल झाली की दोन दिवसांत डिस्चार्ज, आणि मग घरी एक आजी, एक मालिशवाली मावशी आणि एक घाबरलेली आई. आशाताई येतात, त्यांच्या ठरलेल्या व्हिजिट असतात (३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस), त्यांच्याशी ओळख ठेवा, त्यांच्या कामावर काम करू नका, त्यांना एखादं बाळ बरं वाटलं नाही तर त्यांनी तुम्हाला फोन करावा इतका विश्वास पाहिजे. तुमची पहिली व्हिजिट घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून छाती दगडासारखी होते, बाळाला पकडता येत नाही, आणि तेव्हाच घरात पावडरचा डबा येतो. त्याच दिवशी आपण तिथं बसून बाळ छातीला नीट लावून दिलं, थोडं दूध हातानं काढून एरोला (स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग) मऊ करून दाखवलं, की डबा येतच नाही.

प्रत्येक व्हिजिटला आईचा बीपी घ्या, डिलिव्हरीनंतरसुद्धा बीपी वाढतो आणि झटके येतात हे घरच्यांना माहीतच नसतं. १४०/९० किंवा वर गेला, डोकं खूप दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय तर त्याच दिवशी हॉस्पिटल. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर आहे, स्रावाला घाण वास येतोय, एका पायाची पोटरी सुजून दुखतेय, यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही. आणि रडू, झोप, "बाळाचं काही करावंसं वाटत नाही" हे सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या की विचारा, समोर कुणी बोलत नाही.

बाळाचं वजन, तापमान, श्वास, रंग. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं पण जन्माच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि दोन आठवड्यांत परत जागेवर आलं पाहिजे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, ६० किंवा जास्त असेल तर परत मोजा, तरी तेवढाच आला तर पाठवा. पहिल्या २४ तासांत कावीळ दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले तर "कोवळं ऊन दाखवा" म्हणून वेळ घालवू नका. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बाळाला टोपी, स्वेटर, दुपट्यात गुंडाळलेलं असतं आणि अंग तापलेलं. बाळ दूध ओढतंय, हातपाय हलवतंय असं असेल तर मोकळं करा, पाजा, अर्ध्या तासानं परत मोजा, ३७.५ च्या वरच राहिलं तर हॉस्पिटल. बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल तर अर्धा तासपण थांबू नका.

मालिशवाल्या मावशीशी भांडू नका. घरात तिचा शब्द चालतो आणि तिच्या हाताला अनुभव असतो. तिच्यासोबत बसून चार गोष्टी ठरवून घ्या, नाका-कानात तेल नाही, बाळाची छाती पिळायची नाही, सिझरच्या टाक्यांवर चोळायचं नाही, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी, धुरी अजिबात नाही, धुरानं बाळाचा श्वास लागतो आणि बंद खोलीत कोळशाचा वायू तर दोघांच्या जिवावर उठतो. अळीव, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी खाऊ देत की, फक्त पाणी तोडू नका आणि वरण-भाजी बंद करू नका. बाळाला घुटी, मध नको, सहा महिने फक्त आईचं दूध.

पूर्व भागात, अशोक चौक, अक्कलकोट रोड, विडी घरकुल, कुंभारीकडं काम करणार असाल तर थोडं तेलुगू आणि कन्नड येऊ द्या, कुठं दुखतंय, रक्त जातंय का, बाळ दूध पितंय का एवढं विचारता आलं तरी आजीबाई मोकळ्या होतात. तिथं बरीचशी आई बाळंतपण झाल्यावर लवकरच विड्या वळायला बसते, घर त्यावर चालतं, तिला "काम बंद करा" म्हणून उपयोग नाही. तंबाखू ठेवलेलं सूप बाळापासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत किंवा दारात, आणि पाजायच्या आधी हात साबणानं धुऊन वरचा कपडा बदलायचा, हे जमतं, करतात त्या. पाणी रोज येत नाही म्हणून हँडरब (पाण्याशिवाय हात साफ करायचं औषध) तुमच्या बॅगेत कायम पाहिजे, त्यांच्या साठवलेल्या पाण्यावर अवलंबून राहू नका.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडला वेगळं काम. मुलं पुण्याला, बंगळुरूला, इथं आई-वडील दोघंच, त्यातला एक अंथरुणावर. इथं तुम्हाला बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा), कॅथेटर (लघवीची नळी), नाकातली नळी, शुगरच्या जखमा मिळणार. दोन तासांनी कूस बदलणं हे तुम्ही रोज करू शकत नाही, म्हणून घरातल्या माणसाला किंवा केअरटेकरला शिकवणं हेच तुमचं काम, कागदावर वेळा लिहून भिंतीला लावा. लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, रबरी रिंग वापरायची नाही. नळीनं फीड देताना डोकं वर, नंतर तासभर तसंच, आणि प्रत्येक फीडच्या आधी नळी जागेवर आहे का बघायचं. युरिन बॅग कमरेच्या खाली पण फरशीवर नाही. शुगरवाल्याचे तळवे प्रत्येक व्हिजिटला बघा, आपल्याकडं देवाला अनवाणी जायची सवय, उन्हात फरशी तापलेली आणि पायाला संवेदना नाही, भाजलेलं संध्याकाळी पाय बघितल्यावर कळतं. फ्रिज नसेल तर इन्सुलिन प्लास्टिकच्या डब्यात घालून नवीन माठात ठेवायला सांगा.

मग सलाईन. उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला गेला की फोन सुरू, "सिस्टर, लई अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा की ओ." ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे, बाकी पाणी, हे मी लोकांना असंच सांगते आणि बऱ्याच जणांना पटतं. तोंडानं पिता येत असेल तर ओआरएस. हार्ट किंवा किडनीच्या पेशंटला मनानं सलाईन लावली तर छातीत पाणी भरतं. आणि उन्हानं माणूस बडबडायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर बाटली नाही, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला ॲम्ब्युलन्ससाठी फोन.

इंजेक्शनचा माझा नियम असा आहे, डॉक्टरची लेखी ऑर्डर, त्यावर पेशंटचं नाव, औषध, डोस, किती दिवस, तारीख, सही. तोंडी ऑर्डर नाही, मागच्या वर्षीची चिठ्ठी नाही, मेडिकलवाल्यानं दिलेलं नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि शिरेतून द्यायचं आयर्न घरी कधीच नाही, ते हॉस्पिटलमध्ये. डॉक्टरला पेशंट दाखवायचाय पण नेता येत नाही तर व्हिडिओ कॉल करून द्या, २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइनमध्ये नर्सनं मध्ये राहून कन्सल्टेशन घडवून आणायला जागा ठेवलीय, डॉक्टर जे सांगतील ते त्यांच्याकडून लेखी मागून घ्या. नाही म्हणाल तर काही घरं तुमच्यापासून तुटतील, दुसऱ्या कुणाला बोलावतील, बोलावू देत.

सुया पेशंटच्या घरी टाकून यायच्या नाहीत, घंटागाडीतली माणसं हातानं कचरा वेगळा करतात. २०१६ च्या नियमाप्रमाणं सुया-ब्लेड पांढऱ्या, भोक पडणार नाही अशा डब्यात, नळ्या आणि कॅथेटर लाल पिशवीत, रक्ताचं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, औषधाच्या काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. एखाद्या ओळखीच्या हॉस्पिटलशी आधीच लेखी बोलून ठेवा की तुमचा कचरा त्यांच्याबरोबर जाईल.

लिहिण्याचा कंटाळा करू नका. कार्बन लावलेलं डुप्लिकेट बुक घ्या, प्रत्येक व्हिजिटला तारीख, वेळ, काय बघितलं, काय केलं, काय सांगितलं, कुणाला सांगितलं. एक कॉपी त्यांच्याकडं, एक तुमच्याकडं. हॉस्पिटलला जायला सांगितलं आणि ते गेले नाहीत तर तेही लिहा आणि घरच्यांची सही घ्या. पाठवताना अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या, बीपी किती, कधीपासून, काय दिलंय, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत गर्दीत ती चिठ्ठी बघून पेशंट लवकर आत जातो.

पैशाचं मोकळेपणानं आधीच बोला, व्हिजिटची फी वेगळी, सामान पेशंटनं मेडिकलमधून आणायचं किंवा बिलाच्या भावात तुम्ही, लांबचं असेल तर जाण्यायेण्याचं वेगळं. बाळंतिणीचं सहा आठवड्यांचं पॅकेज केलं तर लोकांना बरं पडतं, बारशाच्या खर्चात ते बसतं. डॉक्टर, लॅब, मेडिकल कुणाकडूनही कट घेऊ नका आणि देऊ नका, एकदा घेतला की "या पेशंटला खरंच पाठवायची गरज आहे का" हे आपल्यालाच नीट दिसेनासं होतं. दोन गायनॅक, एक बालरोगतज्ज्ञ, एक फिजिशियन यांना आधी जाऊन भेटा, तुम्ही काय करता आणि काय करत नाही ते सांगा, काम येईल ते तिथूनच.

व्हिजिट भागाप्रमाणं वार वाटून घ्या, एकाच दिवशी कुंभारी आणि जुळे सोलापूर केलं तर निम्मा वेळ रस्त्यावर. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांची मिरवणूक असते तेव्हा, शहराच्या मधल्या भागातल्या व्हिजिट सकाळी लवकर उरका. अनोळखी घरी रात्री एकटीनं जायचं नाही, त्यांच्यातल्या बाईनं फोनवर बोलावं आणि कुणीतरी चौकापर्यंत न्यायला यावं, लोकेशन घरी पाठवून ठेवा. रात्री तब्येत बिघडल्याचा फोन आला तर बॅग उचलून पळायच्या आधी फोनवरच विचारा, श्वास कसा आहे, शुद्ध आहे का, रक्त किती. उत्तर वाईट असेल तर तुमची वाट बघत बसू नका, १०८ ला लावा असं सांगा, आणि तुम्ही थेट हॉस्पिटलला जा.