तैलरंगात जुन्या चित्राची नक्कल करताना या चुका टाळा

निसर्गात माणसाची आकृती असलेले एखादे अभिजात चित्र नकलून तैलरंग शिकायला बसलेले बहुतेक जण पहिली चूक पहिल्याच दिवशी करतात: आकृती आधी पुरी करतात आणि निसर्ग मागाहून भरू म्हणून कॅनव्हास पांढरा सोडतात. फोंड्याच्या घरी इटालियन चित्रकार जॉर्जोनेच्या ‘द टेम्पेस्ट’ (वादळ) या चित्राची नक्कल करताना मी हेच केले. बाळाला पाजणारी स्त्री तीन आठवडे खपून रंगवली. मागे वादळी आभाळ येताच तिची कांती खडूसारखी पांढरी आणि कागद कापून चिकटवल्यासारखी दिसू लागली. पांढऱ्या कॅनव्हासवर कोणताही रंग असतो त्याहून गडद भासतो, म्हणून आपण तो नकळत उजळत जातो आणि पार्श्वभूमी गडद झाली की फसतो. यासाठी आधी संपूर्ण कॅनव्हासवर अंबर (umber) या मातकट तपकिरी रंगाचा पातळ हात द्यावा आणि आभाळ, झाडे, त्वचा ही सगळी एकाच बैठकीत ढोबळपणे मांडावीत. खुद्द मूळ चित्राच्या क्ष-किरण तपासणीत डावीकडच्या तरुणाच्या खाली आधी रंगवलेली विवस्त्र स्त्री आढळली आहे. म्हणजे जॉर्जोनेनेही निसर्गात आकृती बसवताना आपला बेत बदलला होता.

कडांचे दुखणे याच चुकीतून येते. चौकटी आखून उतरवलेली बाह्यरेषा मोडायला हात धजत नाही, आणि मग आकृतीभोवती सगळीकडे सारखीच धारदार कडा राहते. प्रकाशाकडची कडा स्पष्ट ठेवावी. सावलीकडची मात्र दोन्ही रंग ओले असतानाच कोरड्या, मऊ ब्रशने मागच्या झाडीत हलकेच ओढावी. रंग वाळल्यावर हे साधत नाही.

हिरव्या रंगात आपल्याकडची नजर हमखास दगा देते. खिडकीबाहेर आषाढातली भातशेती असते आणि हात आपसूक ट्यूबमधल्या तयार हिरव्याकडे जातो. त्याऐवजी अल्ट्रामरीन (निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळावे. उलट टोकही टाळावे, कारण जुन्या चित्रांतली तपकिरी पाने पुष्कळदा तांबेयुक्त हिरवा काळवंडल्याने किंवा वरचे व्हार्निश पिवळे पडल्याने तशी दिसतात. आपण चित्रकाराचा रंग उतरवतो आहोत की काळाचा, हे आधी ठरवावे.

गोव्यातला पावसाळा हा तर स्वतंत्र विषय आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते आणि दमट हवेत ही क्रिया मंदावते. बोटाला वरचा थर कोरडा लागला तरी आतला ओला असू शकतो, आणि त्यावर कमी तेलाचा, लवकर वाळणारा थर चढवला की पुढे तडे जातात. म्हणून खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले असावेत आणि वर जाताना तेल थोडे थोडे वाढवावे. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक फार रेंगाळतो. त्यामुळे खालच्या थरातल्या सावल्यांना काळा वापरू नये. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला तर पाठीमागे बुरशी धरते, आणि तो कपाटात बंद केला तर अंधारात तेल पिवळे पडते. तो भिंतीपासून चार बोटे दूर, उजेडाच्या खोलीत उभा ठेवावा. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र कधीही टाकून ठेवू नये. त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

मोबाइलच्या पडद्यावरून नक्कल करणाऱ्यांना रंगाच्या थराची जाडी कळतच नाही. पणजीत फोन्तेन्यसला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे गोमंतकीय चित्रकार आंतोनियु शाविएर त्रिंदाद (1870–1935) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. तिथे एकेका चित्रासमोर तिरके उभे राहून कुठे रंग दाट आहे आणि कुठे तो नुसता फिरवलेला आहे, हे डोळ्यांनी पाहावे.

वाळलेल्या सावल्यांवर निस्तेज चट्टे उठले, तर तिथे घाईने नवा रंग थापू नये. खालच्या थराने तेल शोषल्याने असे होते. जवसाच्या तेलाचा अगदी विरळ हात देऊन लगेच कापडाने टिपून घेतला की रंगाचा मूळचा गडदपणा परत दिसतो, आणि त्या जागेला खरोखर रंग हवा होता की नाही, हे तेव्हाच ठरवता येते.